खापरपणजीची ना-हरकत

मुलीला नाव ठेवायचं, एवढंच काम होतं. मंगळवारी सकाळी दहाला नाव-नोंदणी कार्यालयात जायचं, अर्ज द्यायचा, शिक्का मारून घ्यायचा आणि अकराच्या आत घरी यायचं, असा आत्याचा बेत होता. त्या भरवशावर निघताना तिने भाजी अर्धी चिरून तशीच ठेवली होती. ती भाजी पुढे कोणी टाकून दिली ते तिला आठवत नाही. आणि आत्याला आठवत नाही अशी जगात तेवढीच एक गोष्ट आहे.

आत्या म्हणजे मुलीच्या बापाची आत्या. वय एकोणऐंशी. लग्न केलं नाही. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून साऱ्या शहराची बोलणी जोडून दिली. कोणाचा नंबर काय, कोण कोणाला रोज फोन करतं आणि कोणाचा फोन आला की कोण 'घरात नाही म्हणून सांगा' म्हणतं, ते सगळं तिच्या डोक्यात. पुढे एक्स्चेंजची इमारत पाडली, तिथे गाड्या लावायची जागा झाली, फोन लोकांच्या खिशात गेले. पण नंबर काही आत्याच्या डोक्यातून गेले नाहीत.

पुतण्याला मुलगी झाली तेव्हा आत्याने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं. "हिला माझ्या आजीचं नाव ठेव," ती म्हणाली. ही आजी जिन्याच्या वळणावर बसून लोकांच्या मोडक्या छत्र्या दुरुस्त करायची. तोंडात काळा दोरा, मांडीवर छत्रीच्या काड्या आणि आजूबाजूला अकरा पोरं. पोरं आई म्हणायची, नातवंडं आजी. नावाने हाक मारायची ती गिऱ्हाइकं, तीही खालून, रस्त्यावरून, चिडून: छत्री आठ दिवसांत देते म्हणून सांगितलेलं असायचं आणि महिना झालेला असायचा. आजी गेली आणि त्या दिवसापासून ते नाव कोणी मोठ्याने उच्चारलं नाही. अठ्ठावन्न वर्षं! मरण्याआधी ते एकदा पुन्हा हाक म्हणून ऐकावं, एवढीच आत्याची इच्छा. ते नाव काय, हे इथे छापता येत नाही. छापण्यासाठी वेगळी ना-हरकत लागते.

खिडकी क्रमांक तीनवर चष्म्याला दोरी बांधलेला एक कारकून बसला होता. त्याने मान वर केली नाही. फक्त चष्मा वर केला.

"काय काम?"

"नाव ठेवायचंय."

"आम्हाला सगळेच ठेवतात. मुलाला की मुलीला?"

"मुलीला."

"नाव नवं आहे का वापरलेलं?"

आत्याला प्रश्न उमगायला जरा वेळ लागला. "माझ्या आजीचं आहे."

"म्हणजे वापरलेलं." त्याने लाल शाईने खूण केली. "आधीच्या धारकाची ना-हरकत आणलीय?"

"अहो, आजी जाऊन अठ्ठावन्न वर्षं झाली."

"मग तर लेखीच लागेल, बाई. तोंडी कशी देणार त्या?"

आत्याने वाद घातला नाही. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला मूर्खपणा आणि नियम यांतला फरक कळतो: मूर्खपणाला कधीतरी अंत असतो. नियम चौदा, पोटनियम 'ख' असा होता की वापरलेलं नाव पुन्हा द्यायचं तर मूळ धारकाची लेखी संमती हवी. धारक हयात नसल्यास त्याच्या झाडून सगळ्या वंशजांची. का, तर एका नावाची दोन माणसं झाली की आपण कोणाची आहोत हे फाइलला कळत नाही आणि फाइलची कुचंबणा होते.

"वंशज शोधायचे कसे?"

"सोपंय. हल्ली फॅशनच आहे त्याची." त्याने एक पुस्तिका पुढे सरकवली: 'आपला कुलवृत्तांत आपणच शोधा'. सोबत वंशवृक्षाचा छापील तक्ता. आत्याने तो तिथेच उलगडला.

"अहो, इथे एका माणसाखाली दोनच चौकोन आहेत."

"दोनच असतात."

"आजीला अकरा मुलं होती."

"चौकोन दोन आहेत."

"तिला तेव्हा तुमचा तक्ता माहीत नव्हता हो."

"हीच तर अडचण आहे," कारकून कळवळून म्हणाला. "जुने लोक काही विचारून करत नसत."

शेवटी एका चौकोनात एक मूल आणि दुसऱ्यात 'इतर दहा' असं लिहून पुरवणी जोडायची तोड निघाली. आत्या घरी आली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि मुलगी बिननावाचीच होती. घरात तिला पिटुकली म्हणायचं ठरलं, कारण मंजुरीआधी नाव वापरणं हा दखलपात्र गुन्हा आहे असं पुस्तिकेच्या मागच्या पानावर ठळक छापलेलं होतं.

पुस्तिकेतली पहिली पायरी: 'घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीची सविस्तर मुलाखत घ्यावी.' घरात सर्वांत वयोवृद्ध आत्याच होती आणि अर्जदारही तीच. आत्याला कामात हयगय खपत नसे. तिने जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. या खुर्चीत बसून प्रश्न विचारायचा, उठायचं, त्या खुर्चीत बसून उत्तर द्यायचं, परत येऊन लिहून घ्यायचं. सूनबाई मुलीला खांद्यावर टाकून बघत राहिली.

"आत्या, कोणाशी बोलताय?"

"थांब गं, मधे बोलू नकोस. त्यांना आत्ता कुठे आठवायला लागलंय."

मुलाखत तीन दिवस चालली. खाली दोन सह्या लागत होत्या, घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची. दोन्ही सह्या एकसारख्या दिसतात असा आक्षेप कार्यालयाने घेतला, तेव्हा आत्याने उत्तर पाठवलं की दोघी एकाच शाळेत शिकल्या. आक्षेप निकाली निघाला.

मग आत्याने फोन हातात घेतला. अकरा मुलांची पोरं, त्यांची पोरं, त्यांची पोरं. तिच्या जुन्या नंबरांवर आता बँका आणि सलून निघाली होती. पण सलूनवाल्याच्या शेजारणीच्या जावेला ठाऊक असायचं की पूर्वी इथे राहणारे कुठे गेले. चार महिन्यांत आत्याने एकशे त्रेसष्ट वंशज हुडकले. माणसं सापडणं सोपं होतं. सही मिळणं कठीण.

पाचव्या आणि सातव्या काकांच्या शाखा एका भिंतीवरच्या घड्याळावरून चाळीस वर्षं बोलत नव्हत्या. दोघांची अट एकच: त्यांची सही असलेल्या कागदावर आमची सही नको. आत्याने त्यांच्या पानांमध्ये एक कोरं पान घातलं, आणि ते कोरं पान आपलं आहे असा दावा मग दोन्ही शाखांनी केला.

सगळ्यांत कहर केला तो चुलतभावाने. तो दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात, जिथे पेशंट गाल धरून बसतात, तिथे काचेच्या चौकटीत एक राजचिन्ह टांगलेलं होतं: दोन पायांवर उभा राहिलेला सिंह, हातात छत्री.

"हे रे काय?"

"आपलं घराणं, ताई. एका संस्थेकडून शोधून घेतलंय. आपण राजघराण्यातले निघालो."

"आणि छत्री?"

"राजछत्र आहे ते."

"अरे, राजछत्र कसलं! तुझी आजी जिन्यात बसून छत्र्यांना काळा दोरा घालायची. तुझ्या बापाला पहिली चड्डी छत्रीच्या कापडाची शिवली होती, तिला मधोमध भोक होतं."

"हळू बोल, ताई! पेशंट बसलेत."

त्याची सही एका अटीवर मिळाली. आजीच्या व्यवसायाच्या रकान्यात 'राजदरबारी छत्रसल्लागार' असं लिहायचं. आत्याने जरा विचार केला. "लिही बाबा," ती म्हणाली. "राजा आला असता तरी आजीने त्याला महिनाभर हेलपाटे घालायला लावलेच असते. सल्लागार याहून वेगळं काय करतात?"

एकशे त्रेसष्ट सह्यांचा गठ्ठा घेऊन आत्या पुन्हा खिडकी तीनवर उभी राहिली. दोरीवाल्या कारकुनाने एकेक पान थुंकी लावून उलटलं.

"एकशे त्रेसष्ट. याहून जास्त नाहीत कशावरून?"

"मला सगळे आठवतात ना!"

"आठवण हा पुरावा नसतो, बाई. आठवण ही नुसती माहिती. तुम्ही 'आणखी वारस नसल्याचा दाखला' जोडलेला नाही."

"तो कोण देतं?"

"नसलेले वारस."

"नसलेले कसे देतील?"

"नसलेले म्हणजे तुमच्या आजीचे नसलेले. एरवी माणसं आहेतच की! हे काय, रांगेत उभे आहेत." त्याने चष्म्यातून आत्याच्या पाठीमागे बघितलं. "आपलं या बाईंशी नातं नाही असं प्रत्येकाने लिहून दिलं की जे उरले ते वारस. वजाबाकी आहे साधी."

शहरातल्या प्रत्येकाने द्यायच्या त्या घोषणापत्राचं नाव 'ना-नातं'. त्यात फार काही नव्हतं. आपल्या चारही पणज्यांची नावं लिहायची. त्यांत आत्याची आजी नसली की माणूस मोकळा. आणि ज्याला नातं नाकारता येणार नाही तो आपोआप नात्यातला, असं शेवटच्या ओळीत म्हटलेलं होतं.

आत्याच्या मागे उभे होते इतिहासाचे एक निवृत्त मास्तर. ते पत्ता बदलायला आले होते आणि घाईत होते. शंभर राजांची वंशावळ त्यांना सनावळीसकट पाठ. "द्या इकडे, दोन मिनिटांचं काम," म्हणत त्यांनी टोपण उघडलं. दोन मिनिटं झाली. दहा झाली. मग त्यांनी काहीतरी खरडून कागद आत सरकवला.

"'पणजोबांची बायको'," कारकुनाने वाचलं. "मास्तर, हे नाव नाही. हा हुद्दा आहे."

मास्तरांनी खोडून पुन्हा लिहिलं.

"'थोरल्या आई'. हे पण नाव नाही. ही हाक आहे."

"अहो, पणजोबा तिला 'ऐकलंस का' म्हणायचे!" मास्तर रडकुंडीला आले. "सगळं आयुष्य तसंच म्हणायचे!"

"मग तसं लिहू? श्रीमती ऐकलंस का?"

मास्तर आत्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. अनुक्रमांक एकशे चौसष्ट. त्यांच्या मागचा पोलीस एकशे पासष्ट. त्याच्या मागची, आपल्या कुत्र्याच्या सात पिढ्यांचं प्रमाणपत्र पर्समध्ये बाळगणारी बाई एकशे सहासष्ट. कुत्र्याची पणजी तिला माहीत होती, नावानिशी. संध्याकाळपर्यंत आत्याच्या नात्यात एक्केचाळीस माणसांची भर पडली आणि आठवडाभरात नऊशे. लोकांना पणजोबांच्या काठीची मूठ कशाची होती ते सांगता येत होतं, त्यांचा घोडा कोणत्या रंगाचा होता ते सांगता येत होतं. पणजी म्हटलं की सगळे आढ्याकडे बघत.

दुसऱ्या सोमवारी आत्याने खिडकीत डोकं घातलं.

"एक विचारू? तुमचं ना-नातं भरून झालं का?"

दोरीवाला कारकून हसला. मग हसू मावळलं. त्याने लेखणी खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला, घातला.

"माझी पणजी..." तो म्हणाला, "दम्याने गेली."

"नाव?"

"दम्याने गेली एवढं नक्की."

तो उठला. त्याने खिडकी तीनची फळी आतून ओढून घेतली आणि बाजूच्या दारातून बाहेर येऊन आत्यासमोर उभा राहिला. बाहेरून तो बराच बुटका होता. "आत्या," त्याने पहिल्यांदाच तशी हाक मारली, "आता मला या फाइलला हात लावता येत नाही. हितसंबंध आला."

फाइल खिडकी चारवर गेली. चारवरच्या बाईंना तीन पणज्या आल्या, चौथीपाशी त्या अडल्या. पाच, सहा, सात, आवक, जावक. दर पंधरा मिनिटांनी एक फळी खाली पडे आणि एक नातेवाईक बाहेर येई. शेवटी फाइल साहेबांच्या टेबलावर पोचली. साहेबांच्या पाठीमागे त्यांचा स्वतःचा वंशवृक्ष लावलेला होता: बारा पिढ्या, सोनेरी चौकट.

आत्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. "साहेब, बारा पिढ्या सगळे पुरुषच?"

"सगळे!" साहेब अभिमानाने म्हणाले.

"मग झाले कोणाला?"

दुपारी दोन वाजता साहेबही व्हरांड्यात आले. आत फक्त पंखे फिरत होते. बाहेर अख्खं कार्यालय एकमेकांकडे नव्या नजरेने बघत उभं होतं. तू माझा कोण लागतोस, याचा हिशेब सुरू झाला. खिडकी सहावाल्याच्या लक्षात आलं की खिडकी चारच्या बाई आपल्या मावशी लागतात, त्याने सगळ्यांना बिस्किटं वाटली. अडीच वाजता आजीची शेवटची छत्री कोणाकडे गेली असा प्रश्न निघाला. आवकवाल्याने जावकवाल्याकडे संशयाने पाहिलं. पावणेतीनला आवाज चढले. तीन वाजता व्हरांड्यात दोन गट पडले होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. तेव्हा मात्र आत्याची खात्री पटली की ही खरोखर आपलीच माणसं आहेत.

खोली सोडण्यापूर्वी साहेबांनी उभ्या उभ्या आदेश लिहिला होता: ज्याला स्वतःच्या चार पणज्यांची नावं येतात अशा अधिकाऱ्याकडे प्रकरण वर्ग करावं. खात्यात असा अधिकारी नव्हता. नवं पद निर्माण झालं, जाहिरात निघाली. पण मुलाखती घ्यायच्या तर घेणाऱ्यांनाही चार पणज्या यायला हव्यात, असं कोणीतरी निदर्शनास आणलं. दरम्यान, मूळ धारकावर अन्याय नको म्हणून त्यांना स्वतः हजर राहण्याची संधी द्यावी. शिपायाने रोज सकाळी अकरा वाजता व्हरांड्यात त्यांच्या नावाचा तीन वेळा पुकारा करावा आणि नोंद ठेवावी.

दुसऱ्या दिवशी अकराला शिपाई दारात आला. दणकट माणूस, तंबोऱ्यासारखं पोट. त्याने घसा खाकरला आणि आत्याच्या आजीच्या नावाने खणखणीत हाक मारली.

आत्याने खांब धरला. तोच सूर! एक महिना छत्री अडकून पडलेल्या गिऱ्हाइकाचा. दुसरी हाक. तिसरी. "गैरहजर," शिपायाने वहीत लिहिलं आणि तो चहाला गेला. आत्या मात्र बराच वेळ तिथेच उभी होती, कोणीतरी जिन्यावरून ओरडून म्हणेल की 'उद्या देते', म्हणून.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. पण घरी आली की पाळण्यातल्या पोरीला पिटुकलीच म्हणावं लागे. हाक होती तिथे माणूस नव्हतं आणि माणूस होतं तिथे हाक नव्हती.

तीन वर्षं गेली. पिटुकली बालवाडीत गेली. नावाच्या रकान्यात कार्यालयाने कळवलेली स्थिती लिहिली गेली: 'प्रलंबित'. वर्गात अशी आणखी तीन मुलं होती. बाईंनी "प्रलंबित!" म्हटलं की चार कोपऱ्यांतून "हजर!" येई आणि मग कोणी कोणाचा डबा खाल्ला यावरून मारामारी होई. आत्याला ब्याऐंशी झाली. जिना चढताना आता ती वळणावर थांबत असे.

एके दिवशी बालवाडीला सुट्टी होती, म्हणून ती पोरीला कार्यालयात घेऊन गेली. अकरा वाजले. शिपाई दारात आला. पहिली हाक. व्हरांड्यात कोणी हललं नाही. दुसरी. पोरीने आत्याकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस एवढा जीव तोडून ओरडतोय आणि कोणी ओसुद्धा देत नाही, हे तिला फार वाईट दिसलं. तिसरी हाक आली तशी ती आत्याचं बोट सोडून दोन पावलं पुढे गेली.

"ओ!" ती ओरडली. "आले!"

शिपायाचा तीन वर्षांचा कंटाळा एका क्षणात उडाला. त्याने वहीत मोठ्या अक्षरांत 'हजर' लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. मग आपण काय लिहिलं ते त्याच्या लक्षात आलं; पण नोंदवहीत खाडाखोड करायला सक्त मनाई आहे. साहेब धावत आले. दोरीवाला कारकून नात्यातला असल्यामुळे वहीला हात लावू शकत नव्हता, पण वाकून बघू शकत होता.

"धारक हजर आहेत," तो हळूच म्हणाला. "म्हणजे हयात आहेत. म्हणजे नाव वापरलेलं नाही, वापरात आहे. म्हणजे ना-हरकतीचा प्रश्नच येत नाही. फाइल बंद, आणि तिच्याबरोबर आपला हितसंबंधही, साहेब."

साहेबांनी घाम पुसला आणि तिथल्या तिथे ओळखपत्र करून दिलं. आत्याने चष्मा लावून वाचलं. नाव बरोबर होतं. खाली लिहिलं होतं: वय एकशे चोवीस. अपत्ये अकरा. व्यवसाय, राजदरबारी छत्रसल्लागार. फोटोत पोरीच्या हनुवटीला बिस्किटाचा चुरा होता.

"अहो, वय चुकलंय."

"दुरुस्तीचा अर्ज करा ना. खिडकी तीन. मूळ धारकाच्या आईवडिलांची..."

"राहू द्या," आत्या घाईघाईने म्हणाली आणि ओळखपत्र तिने पदराआड दडवलं. त्या संध्याकाळी पोरीने भिंतीवर कोळशाने उभी रेघ ओढली आणि सूनबाईने स्वयंपाकघरातून पूर्ण नावाने अशी हाक मारली की खालच्या मजल्यावर कुत्रं भुंकलं. आत्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. "आणखी एकदा रागाव गं तिला," ती म्हणाली.

पण कार्यालयाचं काम अर्ध्यावर सुटत नसतं. पुढच्याच महिन्यात परिपत्रक निघालं: सदर धारक एकशे चोवीस वर्षांच्या असून अतिवृद्ध पूर्वजांची काळजी घेणं हे वंशजांचं कायदेशीर कर्तव्य आहे, तरी सर्व ज्ञात वंशजांनी, तसेच ज्यांनी ना-नातं भरून दिलेलं नाही अशा सर्व नागरिकांनी, धारकांना बालवाडीतून आळीपाळीने घरी आणावं. आता सोमवारी साहेब जातात. मंगळवारी मास्तर. गुरुवारी दोरीवाला कारकून जातो, आणि त्याच्या चष्म्याची दोरी धरून ती त्याला रस्ता ओलांडून नेते.

इथवर वाचून तुम्ही हसला असाल. हसा, हसायला कोणाची ना-हरकत लागत नाही. फक्त जरा पुस्तक मिटून आपल्या चार पणज्यांची नावं म्हणा पाहू. हुद्दा नको, हाक नको, आजार नको. नाव. एक आलं? ते आजीचं आहे. आढ्याकडे बघू नका, तिथे काही लिहिलेलं नाही.

बरं, असू द्या. बालवाडी साडेअकराला सुटते. उद्या तुमची पाळी आहे. उशीर तेवढा करू नका. बाकीची मुलं गेली आणि एकटीच मागे राहिली की तुमची पणजी रडते.